बुधवारचा आठवा तास

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये पाण्याच्या कूलरच्या वर एक भलंमोठं टाइमटेबल टांगलेलं असे. चार पुठ्ठे जोडून केलेलं, कडेने पिवळी पडलेली चिकटपट्टी. प्रत्येक शिक्षकाची एक आडवी ओळ आणि ओळीत आठवड्याच्या तासांचे चौकोन. कोरा चौकोन ही त्या भिंतीवरची सगळ्यात मोठी चैन. कोणाच्या ओळीत किती कोरे आहेत, हे प्रत्येकाला प्रत्येकाचं पाठ होतं. साळवे बाई गणिताच्या विभागप्रमुख, म्हणून त्यांच्या ओळीत आमच्यापेक्षा दोन कोरे जास्त होते, सोमवारचा तिसरा आणि बुधवारचा आठवा. अगदी कोरे नव्हते म्हणा. त्यांत पेन्सिलने बारीक अक्षरांत 'विभाग' असं लिहिलेलं असे.

या हिवाळ्यात बाई गेल्या. त्यांच्या मुलाने, अमोलने, प्रार्थनेला बोलावलं होतं. चर्चमध्ये त्यांच्याबद्दल पुष्कळ जण बोलले. किती छान शिकवायच्या, किती मोकळं हसायच्या. खरंच होतं सगळं. मीही दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. जे बोलायला हवं ते न बोलता खाली बसायचं, ही माझी जुनी खोड आहे. म्हणून आता लिहिते आहे. बुधवारचा तो आठवा तास बाईंनी मला दिला, आणि तो देता देता त्यांचे डोळे गेले.

शाळा यमुनेपलीकडे, पूर्व दिल्लीत. मुलं पंजाबी, बिहारी, पहाडी, सगळी हिंदी बोलणारी. मेट्रो तेव्हा फक्त वर्तमानपत्रात धावत होती. मी लग्न होऊन पुण्याहून आलेली, नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत आणि महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर, घर गाझियाबादला, मुलगी सात महिन्यांची आणि नोकरी प्रोबेशनवर. पहिल्या दिवशी हजेरीपटावर माझं आडनाव वाचून एक उंच, सावळ्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "देशमुख? म्हणजे आपलीच की! मी प्रमिला साळवे. इथे सगळे मला मॅम म्हणतात. तू बाई म्हण. पहाडगंजच्या मराठी शाळेत आम्ही बाई म्हणायचो. किती वर्षं झाली तो शब्द ऐकून!"

बाईंचे वडील मूळचे नगरचे. स्वातंत्र्यानंतर सरकारी कचेरीत कारकून म्हणून दिल्लीला आले आणि इथलेच झाले. बाईंचा जन्म दिल्लीचा, त्यामुळे त्यांच्या मराठीला अधूनमधून भोकं होती. बोलता बोलता थांबायच्या आणि मला विचारायच्या, "मेघना, डस्टरला मराठीत काय म्हणतात गं?"

"डस्टरच म्हणतात, बाई."

"अच्छा? चलो, मग मला बरंच मराठी येतं."

नाताळात त्या स्टाफरूममध्ये करंज्यांचा डबा आणायच्या आणि पंजाबी मंडळी 'मैम की गुझिया' म्हणून त्यावर तुटून पडायची. बाई प्रत्येकाला सांगायच्या, गुझिया नही, करंजी. वीस वर्षं सांगत होत्या. वीस वर्षं लोक गुझियाच म्हणत होते.

गणिताच्या बाई असून त्यांना फळ्यावर वर्तुळ काढता येत नसे. बटाटाच व्हायचा. मुलं हसली की त्या शांतपणे त्या बटाट्याच्या मध्यभागी टिंब देत आणि म्हणत, "हसो मत. मान लो कि गोल है." हे 'मान लो' त्यांच्या तोंडी इतकं बसलेलं होतं की वर्गाबाहेरही सुटत नसे. मान लो तुझी बस चुकली. मान लो पेपर उद्याच द्यायचा झाला. वह्या त्या हिरव्या शाईने तपासत आणि चुकलेल्या गणितावर कधी फुली मारत नसत, बाजूला 'फिर से देखो' एवढंच लिहीत. डबा उभ्याने खात. खुर्चीवर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा असे, तो उचलायचा तर ठेवायचा कुठे, हा प्रश्न त्यांनी बसणं सोडून सोडवलेला होता.

विभागप्रमुख हे काय काम असतं, ते मला त्या खुर्चीकडे पाहून कळलं. आम्ही सहा जण गणित शिकवायचो. आमचे पेपर बाई तपासून पास करायच्या, आमच्या वर्गांच्या वह्या अधूनमधून मागवून बघायच्या, नव्या शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसायच्या, कोणाचा भाग मागे पडला तर त्याला सांभाळून घ्यायच्या, चिडलेल्या पालकांना खालीच थोपवायच्या. शिवाय स्वतःची दहावी होतीच. या सगळ्यासाठी शाळेने त्यांना आठवड्यातून दोन तास दिलेले होते. एकदा नवीन पी.टी. सर थट्टेने म्हणाले, "मैम, आज तो आपका फ्री है, ऐश कीजिए!" बाईंनी खुर्चीवरचा गठ्ठा उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "लो बेटा, तुम करो ऐश." नंतर मला म्हणाल्या, "शिकवणं दिसतं ना, म्हणून तेवढंच काम. बाकीचं कोणाला दिसतच नाही."

आता माझ्या बुधवारचं. मुलीला मी आमच्याच गल्लीतल्या एका आंटींकडे ठेवत असे. आंटी मायेची, पण बुधवारी संध्याकाळी तिचा आणि तिच्या नवऱ्याचा बुध बाजारात कपड्यांचा ठेला लागायचा. गठ्ठे बांधायचे, जागा धरायची, म्हणून बुधवारी दुपारी दोननंतर ती मुलं ठेवत नसे. शाळा दोनला सुटायची. बसने गाझियाबादला पोचायला चाळीस मिनिटं. पहिल्या बुधवारी मी धावत पोचले तेव्हा आंटी माझ्या मुलीला कडेवर घेऊन, दाराला कुलूप लावून, रस्त्यावर उन्हात उभी होती. पोरगी रडून लाल झालेली. "अगले बुध से दो बजे, मैडम. वरना कोई और देख लो."

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूमच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून रडत बसले. नोकरी सोडायची हे माझ्या मनाने घेतलंच होतं. बाईंनी पाठीवर हात ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"किती वाजता निघायला हवं?"

"एक वीसला. आठवा तास सोडून. प्रोबेशनवर असताना कोण सोडेल?"

बाई उठून टाइमटेबलसमोर गेल्या. माझ्या ओळीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या. तिथे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, चौकोन सापडत नाहीये. आता कळतं, चौकोन तर त्यांना तेव्हाच सापडला होता.

"नववी क. आठवा," त्या वळून म्हणाल्या. "माझा विभाग आहे तेव्हा. जा तू. वर्ग माझा."

"एखाद-दुसराच बुधवार, बाई. तोवर मी दुसरं पाळणाघर बघते."

"हो, हो. बिल्कुल."

दुसरं पाळणाघर मी फारसं बघितलं नाही. खरं सांगायचं तर अजिबात नाही. पहिले दोन बुधवार मी "जाऊ ना बाई?" असं विचारलं. तिसऱ्या बुधवारपासून सातवा तास संपल्याची घंटा झाली की पर्स उचलायची आणि मागच्या गेटने निघायचं. गेटपास बाईंच्या सहीचा, त्यामुळे चौकीदारही विचारत नसे. सवयीची काय मजा असते बघा, दिवाळीपर्यंत तो तास मला माझाच वाटायला लागला होता.

दिवाळीनंतर व्हाइस प्रिन्सिपल अरोडा मॅडमनी एक फर्मान काढलं. विभागप्रमुखांनी आपल्या विभागाच्या तासात काय केलं, ते रोजच्या रोज एका डायरीत लिहायचं. स्टाफरूममध्ये कुरकुर झाली आणि मग सगळे लिहू लागले. हिंदीचे शर्मा सर दर तासाला 'कॉपी-जाँच एवं पाठ्यक्रम-समीक्षा' हीच ओळ सुंदर अक्षरात उतरवत. बाकीचेही त्यातलेच. बाईंची डायरी मी एकदा उघडून पाहिली. दर बुधवारी, आठव्या तासापुढे, हिरव्या शाईत: नववी क. एकरूप त्रिकोण. नववी क. एकरूप त्रिकोण, सराव. नववी क. वर्तुळ.

"बाई, हे काय लिहिताय? वह्या तपासल्या असं लिहा ना."

"वह्या मी घरी तपासल्या. आठव्यात कुठे तपासल्या?"

"पण असं कोण लिहितं?"

"मेघना, मान लो अरोडा मॅडम त्या वेळी कॉरिडॉरमधून गेल्या. मी नववी 'क'मध्ये दिसणार, आणि डायरीत वह्या. मग पहिला प्रश्न काय येईल? नववी 'क'ची टीचर कुठे आहे." त्यांनी डायरी मिटली. "असं लिहिलं की वाटतं, साळवे जादा तास घेते. तुझं नाव येतच नाही. सिंपल."

बाईंचं गणित कधी चुकत नसे, पण हे चुकलं. वार्षिक परीक्षेआधीच्या मीटिंगमध्ये अरोडा मॅडमनी ती डायरी सगळ्यांसमोर वर धरली. "ये देखिए. साळवे मैम अपने डिपार्टमेंट पीरियड में भी बच्चों को पढ़ाती हैं. हर बुधवार. किसी ने कहा था इनसे? नही. इसको कहते हैं टीचर." टाळ्या वाजल्या. बाई कानकोंड्या होऊन हसल्या. मग मॅडमनी चष्मा काढला. "और मैथ्स डिपार्टमेंट का काम सबसे अच्छा है. यानी डिपार्टमेंट का काम इस पीरियड के बिना भी हो सकता है. स्टाफ कम है, आप सब जानते हैं. तो अप्रैल से किसी एच.ओ.डी. को अलग पीरियड नही मिलेगा. सब में क्लास लगेगी."

मग शर्मा सर, बाईंकडे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वाह मैडम. आपने तो सबका पीरियड खा लिया."

बाईंनी तोंड उघडलं. काहीतरी सांगणार होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले होते. मला उठून एवढंच म्हणायचं होतं, की मॅडम, तो जादा तास नव्हता, तो माझा तास होता, मी घरी जात होते. तीन वाक्यं. माझं प्रोबेशन संपायला तीन महिने उरले होते. मी हातातल्या पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते. बाईंनी एकदा त्या टोपणाकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

त्यानंतर बरेच महिने बाकीचे विभागप्रमुख बाईंशी कामापुरतं बोलत. नाताळात करंज्यांचा डबा अर्धा भरलेलाच परत गेला. मीटिंगच्या दुसऱ्याच दिवशी बाईंनी आणखी एक गोष्ट करून टाकली होती. अरोडा मॅडमकडे जाऊन म्हणाल्या, बुधवारी आठव्यात क्लास द्यायचाच आहे तर नववी 'क'च द्या, मुलांना माझी सवय आहे. म्हणजे नव्या टाइमटेबलमध्ये माझ्या ओळीतला तो चौकोन अधिकृतपणे कोरा झाला आणि बाईंच्या ओळीतला भरला. मी आणखी दोन वर्षं, मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत, बुधवारी एक वीसला गेटपास घेऊन घरी जात राहिले.

याच दोन वर्षांत कधीतरी बाईंनी वर्गात हात वर करणं बंद केलं. म्हणजे मुलांचं. एक दिवस नववीतली खिडकीकडच्या रांगेतली एक मुलगी उभी राहून रडवेल्या आवाजात म्हणाली, "मैम, मैं दस मिनट से हाथ उठाए बैठी हूँ, आप मुझे देखती ही नही." बाई तिच्या बाकापाशी गेल्या, सॉरी म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून नियम केला: शंका असेल तर हात नाही, तोंडाने 'मैम' म्हणायचं. अरोडा मॅडमना ही पद्धत फार आवडली. मुलं धीट होतात, म्हणाल्या, सगळ्यांनी असं करून बघा. आम्ही करूनही बघितलं. बाई आता मान इकडून तिकडे पूर्ण वळवून बघत, दारातून जाताना चौकटीला खांदा लावत, आणि त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलेला चहा दोनदा सांडला. त्यांचं वय होतंय, एवढंच मला वाटलं.

मग एका मंगळवारी त्या जिन्याची शेवटची पायरी चुकल्या. हाताला खरचटलं, बाकी काही नाही, पण त्या खालीच बसून राहिल्या आणि मला म्हणाल्या, "उद्या अर्धी रजा टाक. माझ्याबरोबर चल. मला एकटीने जायला नको वाटतंय."

सरकारी दवाखान्याच्या डोळ्यांच्या विभागात एका दारावर पाटी होती: काचबिंदू तपासणी, फक्त बुधवार, चिठ्ठी दुपारी दोनपर्यंत. ती पाटी मी वाचली आणि तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही. आत एक तरुण डॉक्टर होता. त्याने बराच वेळ यंत्रातून पाहिलं, मग बाईंचं जुनं, कडा फाटलेलं कार्ड उघडलं. मी बाईंच्या मागे उभी होते, मला कार्ड दिसत होतं. दर महिन्याला एक शिक्का. एप्रिल, मे, जून. जुलैच्या पहिल्या बुधवारचा एक. त्याच जुलैत, त्या शिक्क्यानंतरच्या आठवड्यात, मी नोकरीला लागले होते. पुढची पानं कोरी होती.

"आप बीच में आईं क्यों नही?"

"छुट्टी नही मिली, डॉक्टर साहब. ड्रॉप्स डालती रही."

"ड्रॉप्स काफी नही थे, प्रेशर देखकर बदलने थे. महीने में एक बुधवार आधा-पौना घंटा निकालना था बस, मैडम." तो चिडला नव्हता, त्याला वाईट वाटत होतं, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. "किनारे की नज़र काफी जा चुकी है. जो गई वो वापस नही आएगी. जो बची है, उसको बचाने की कोशिश करेंगे."

ऑटोत मला रडू आवरेना. बाई बाहेर बघत होत्या. बाहेरचं त्यांना किती दिसत होतं, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? आठव्याची घंटा झाली की मी दवाखान्यात चिठ्ठी काढायला जायची, हे? मग तू गेली असतीस का घरी?"

"नसते गेले."

"मग?" बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "पहिल्यांदा वाटलं, दोन-चार बुधवार. मग अर्धी रजा मागितली दोनदा, तर आठव्याला कोण, असं झालं. आणि दुखत नव्हतं गं. दुखलं असतं तर गेले असते. मान लो रोज थोडं थोडं दुखलं असतं, तर मी कशाला थांबले असते?" मग त्यांनी मला नववी 'क'च्या पेपरमध्ये भूमितीचे प्रश्न कमी झालेत, ते वाढव, म्हणून सांगितलं.

दोन ऑपरेशनं झाली. बाई आणखी तीन वर्षं शाळेत होत्या. फळ्यावर लिहिणं मुलांकडून करून घेत आणि वह्या मी वाचून दाखवत असे, त्या ऐकून 'फिर से देखो' म्हणत. मग जमेना, तेव्हा मुदतीच्या चार वर्षं आधी निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी शाळेने शाल आणि मानपत्र दिलं. मानपत्र अरोडा मॅडमनी लिहिलं होतं आणि वाचायचं काम, बाईंची लाडकी म्हणून, माझ्याकडे आलं. त्यात एक वाक्य होतं: 'इन्होंने अपना खाली समय भी विद्यार्थियों को समर्पित किया.' मी ते वाचलं. आवाज न कापता वाचलं. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि टाळ्यांच्या दिशेला मान वळवत होत्या.

नंतर त्या अमोलकडे राहायला गेल्या, गुरुग्रामला, अठराव्या मजल्यावर. मी वर्षातून दोनदा जात असे, मग एकदा. कारणं सगळी खरी होती, मेट्रो दोनदा बदलावी लागते, शाळेचं काम, मुलीच्या परीक्षा. मधल्या काळात विभागप्रमुखांचा तास वेगळ्या नावाने परत आला. आता त्याला प्लॅनिंग पीरियड म्हणतात. शर्मा सर तोवर निवृत्त झाले होते. आणि गणिताची विभागप्रमुख मी झाले.

शेवटची भेट गेल्या पावसाळ्यानंतरची. बाईंना आता उजेड-अंधार एवढंच कळत होतं. सोफ्यावर बसल्या होत्या, मांडीवर हात जुळवलेले, इतक्या मोकळ्या हातांच्या बाई मी शाळेत कधी पाहिल्या नव्हत्या. कामवालीने चहा आणून दिला. मी इतकी वर्षं घोळवलेलं वाक्य अखेर बोलले.

"बाई, त्या मीटिंगमध्ये मी उठायला हवं होतं."

"हो," बाई म्हणाल्या.

मला वाटलं होतं, त्या 'जाऊ दे गं' म्हणतील. मी तेच ऐकायला गेले होते.

"मी वाट बघितली तुझी. एक मिनिटभर." त्यांनी कप चाचपून खाली ठेवला. "इथे दिवसभर बसलेली असते ना मी, कधी कधी राग येतो. अरोडा मॅडमचा येतो. स्वतःचा येतो, फार शहाणपणा केला म्हणून. तुझा नाही येत." मग थांबून म्हणाल्या, "नाही, खोटं कशाला बोलू. तुझाही येतो."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

"आता तुला असतो का गं, विभागाचा तास?"

"असतो. बुधवारीच मागून घेतलाय. आठवा."

"काय करतेस त्यात?"

"दार लावून घेते आणि वह्या तपासते. कोणाला देत नाही, बाई." माझ्या आवाजात थोडा अभिमानच होता. "मागच्या महिन्यात एक नवीन मुलगी आली विचारायला. बुधवारी आठवा घ्याल का, मला लवकर निघावं लागतं. मी सरळ नाही म्हटलं."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या. "बरं केलंस."

निघताना त्या ऐकेनात, लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. भिंतीवर उलटा हात फिरवत, दारं मोजत, माझ्यापुढे चालत होत्या. तिथे शेजारी शेजारी दोन लिफ्ट आहेत. मी बटण दाबलं. बाई मनात काहीतरी जुळवत असाव्यात, कारण लिफ्ट आली, मी आत पाऊल टाकलं, तेव्हा त्यांनी विचारलं.

"केवढं आहे गं, तिचं मूल?"

"कोणाचं?"

"त्या मुलीचं. लवकर जायचंय म्हणाली ती."

लिफ्टचं दार मी हाताने अडवून धरलं होतं. ते पुन्हा पुन्हा माझ्या हातावर येऊन मागे जात होतं.

"तिला मूल आहे की नाही, तेच मला माहीत नाही, बाई. मी विचारलंच नाही."

"अच्छा," बाई म्हणाल्या.

आणखी काही म्हणतील म्हणून मी थांबले. मग मी हात काढून घेतला. दार लागताना मला दिसलं, बाई शेजारच्या लिफ्टकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि तिच्या बंद दाराकडे बघत हात हलवत होत्या.